फेअरी क्वीन सलग धावत नव्हती हो

फेअरी क्वीन हे वाफेचं रेल्वे इंजिन १८५५ पासून आजतागायत सलग धावतंय असं काहीजण म्हणतात, तसं नाहीये. लीड्सच्या किटसन कंपनीत बनलेलं हे इंजिन त्याच वर्षी कलकत्त्याला उतरलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं नंबर २२, हावडा-राणीगंज मार्गावर हलक्या मेल गाड्या ओढायचं आणि १८५७ च्या धामधुमीत सैन्यसुद्धा. १९०९ ला रिटायर झालं मग हावड्याबाहेर नुसतं उभं, नंतर चंदौसीच्या रेल्वे ट्रेनिंग स्कूलमध्ये, मग दिल्लीचं म्यूझियम. म्हणजे जवळजवळ ८८ वर्षं थंडच की! १९९७ ला दुरुस्त करून दिल्ली-अलवर टुरिस्ट गाडीला जोडलं, गिनीजचा मान त्यानंतरचा, आणि तोही नियमित चालणारं सगळ्यात जुनं इंजिन म्हणून.

बाकी हे इंजिन हळू चालतं म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी त्याची चाकं बघावीत एकदा. पुढेमागे छोटी चाकं आणि मधे सहा फुटी मोठ्या चाकांची एकच जोडी, सगळा जोर तिच्यावरच, त्यामुळे जड गाडी लावली की चाक जागच्या जागी फिरणार, म्हणून डबे दोनच लावायचे. पाण्याची टाकीपण खाली चाकांच्या मधे असते, म्हणून वरून इतकं सडपातळ दिसतं ते.