मदत हवी आहे: बाबांना फ्लेव्होनॉइडच्या कॅप्सूल द्याव्यात का?

नमस्कार मंडळी,

बाबा सत्तरीचे आहेत. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत चांगली. ओळखीच्या एकांनी त्यांना क्वेरसेटिन आणि ग्रीन टीचा अर्क असलेल्या कॅप्सूल सुचवल्यात. डबीवर ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ म्हणून भलामोठा आकडा छापलाय आणि बाबांचा त्यावर पूर्ण भरवसा बसलाय. मी वाचायला घेतलं, तर गुंता वाढतच गेला.

कांद्यातलं क्वेरसेटिन, चहातली कॅटेचिन्स, संत्र्यातलं हेस्पेरिडिन, जांभळ्या-निळ्या फळांना रंग देणारी अँथोसायनिन्स ही सगळी फ्लेव्होनॉइड्स, म्हणजे वनस्पतींतली संयुगं. सांगाडा सगळ्यांचा १५ कार्बनचा, त्यावर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट. हे गट फ्री रॅडिकलला (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूला) हायड्रोजन देतात आणि त्याचा उपद्रव थांबतो. परीक्षानळीत हे झकास दिसतं.

पण पोटात गेल्यावर? शोषलं जातं थोडंच. त्यालाही आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट जोडतात, म्हणजे त्याचं मूळ रूपच बदलतं. रक्तात जे पोचतं ते बहुतेक वेळा एक मायक्रोमोलरच्याही (रक्तातलं प्रमाण मोजायचं एकक) आत, आणि काही तासांत ओसरतं. त्याच रक्तात क जीवनसत्त्व ५० मायक्रोमोलरच्या आसपास असतं, युरिक अ‍ॅसिड त्याच्याही कितीतरी पट. एवढ्यात या चिमूटभर फ्लेव्होनॉइडचा असा काय प्रभाव पडणार?

तरी फायदा दिसतो, हेही खरं. नेदरलँड्समधल्या झुटफेनच्या वयस्कर पुरुषांवरचा अभ्यास १९९३ मध्ये आला. ज्यांच्या आहारात फ्लेव्होनॉइड्स जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. मग हा फायदा येतो कुठून? आणि डबीवरच्या आकड्याला काही अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया सांगा, बाबांना नुसतं ‘नको’ म्हणून चालणार नाही.

प्रतिसाद:

आकडा बाजूला ठेवा. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा ‘ओरॅक’ तक्ता २०१२ मध्येच काढून टाकला. परीक्षानळीतल्या मोजमापावरून शरीरातला परिणाम ठरवता येत नाही, हेच त्यामागचं कारण.

फायदा बहुधा फ्री रॅडिकल टिपण्यातून येतच नाही. कोकोतल्या फ्लेव्हॅनॉल्समुळे (फ्लेव्होनॉइड्सचाच एक प्रकार) रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता वाढते आणि वाहिन्या सैलावतात. पेशींना असा इशारा देण्याच्या कामाला थोडं प्रमाणही पुरतं. शिवाय जे शोषलं जात नाही ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्याचे लहान तुकडे करतात आणि ते रक्तात येतात.

झुटफेनसारख्या अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. जास्त फळं-भाज्या खाणाऱ्यांचं बाकीचं राहणीमानही वेगळं असू शकतं. कॉसमॉस नावाच्या मोठ्या चाचणीत २१,००० हून अधिक लोकांना कोको अर्क (रोज ५०० मिलिग्रॅम फ्लेव्हॅनॉल्स) किंवा नकली गोळी दिली होती. २०२२ मधल्या निकालात हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या एकूण घटनांमध्ये ठोस घट दिसली नाही. या विकारांनी होणारे मृत्यू कमी दिसले, पण तो मुख्य निकष नव्हता. मी यावरून कॅप्सूल सुरू करणार नाही.

ग्रीन टीच्या अर्काबद्दल मात्र नीट सावध राहा. प्यायचा चहा वेगळा आणि अर्क वेगळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त इजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण. नॅडोलॉल नावाच्या बीपीच्या औषधाचं शोषण तर साध्या ग्रीन टीनेही बरंच घटतं.

बाबांना कांदा, सफरचंद, चहा यांतूनच घेऊ द्या. कांदा सोलताना वरचे मांसल थर टाकू नका, क्वेरसेटिन तिथेच जास्त असतं. उकडलेल्या भाजीचं पाणीही ओतून देऊ नका, ते त्यातही उतरतं. बीपीची गोळी कोणती आहे?

धागाकर्ती:

मनापासून आभार! गोळी अ‍ॅम्लोडिपिनची आहे. आकड्याचं बाबांना लगेच पटलं. डबीवर इजीसीजी किती ते कुठेच लिहिलेलं नाही, फक्त ‘अर्क’ एवढंच. त्यामुळे कॅप्सूल सध्या बंद, आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे जातोय. क्वेरसेटिन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र घेण्याबद्दल कुणी औषधनिर्माणशास्त्रातलं असेल तर जरूर लिहा.