दक्षता समितीची बैठक पुढच्या गुरुवारी, विषय कसा मांडायचा? (तातडीने मदत हवी)

माळावरची_बोर
दक्षता समितीवर अशासकीय सदस्य म्हणून नेमणूक झाली आहे. पुढच्या गुरुवारी पहिली बैठक. पत्र आलं, सोबत विषयपत्रिका नाही. तालुक्यातल्या एका गावात रस्ता अडवला आहे आणि पोलीस काही करत नाहीत. हा विषय बैठकीत कसा घ्यायचा? अर्ज कुणाच्या नावे, आधी द्यायचा की तिथेच बोलायचं? समितीला आदेश काढता येतो का? कृपया थेट उत्तर द्या, वेळ कमी आहे.

शिधा_जागर
अभिनंदन. पहिल्या बैठकीत रेशन दुकानाचं साठा रजिस्टर आणि ई-पॉसवरची (वाटपाच्या यंत्रावरची) नोंद शेजारी ठेवून बघा. महिन्याचं नियतन किती, उचल किती, वाटप किती, हे तीन आकडे जुळले पाहिजेत. अन्न सुरक्षा कायदा 2013, कलम 29 मध्ये दक्षता समित्यांची तरतूद आहे. दुकानदाराने भावफलक लावला आहे का तेही पाहा. रस्त्याचा विषय मात्र या समितीत येत नाही, त्यासाठी तहसीलदार.

कोर्टाची_पायरी
शिधा_जागर, त्यांनी पोलिसांचा उल्लेख केला आहे, म्हणजे रेशनची समिती नसावी.
माळावरची_बोर, दक्षता समित्या तीन-चार प्रकारच्या आहेत. तुमची ॲट्रॉसिटी कायद्याखालची (अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा कायदा) ना? जिल्ह्याची (नियम 17) की उपविभागाची (नियम 17अ)? पत्रावर सही कुणाची आहे, जिल्हाधिकारी की प्रांत (उपविभागीय अधिकारी)? रस्ता कसला, कुठे जाणारा? तो सगळ्यांना बंद आहे की काहींनाच? गुन्हा नोंद आहे का? एवढं कळल्याशिवाय थेट उत्तर देता येणार नाही.

माळावरची_बोर
सही प्रांतसाहेबांची. ॲट्रॉसिटीचीच समिती, मला वाटलं ते उघड आहे. रस्ता स्मशानभूमीचा. वस्तीतल्या लोकांना जाऊ देत नाहीत. ठाण्यात गेलो तर एनसी (अदखलपात्र नोंद) करून पाठवलं. गाव ▒▒▒▒▒.
(गावाचं नाव संपादकांनी झाकलं आहे.)

पाणंद
याला सोपा मार्ग आहे, समितीच्या नादी लागू नका. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. तहसीलदाराकडे दावा टाका. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो. तहसीलदार स्थळपाहणी करतो, पंचनामा होतो, जबाब होतात आणि अडथळा काढण्याचा आदेश निघतो. पाणंद रस्त्यांची कित्येक प्रकरणं याच कलमाखाली सुटतात.

तलाठी_सज्जा
पाणंद, ते कलम शेतात आणि गायरानात जाण्याच्या वहिवाटीसाठी आहे. स्मशानभूमीसाठी दावा टाकला तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हाच मुद्दा काढेल आणि प्रकरण रेंगाळेल. सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम 53. अतिक्रमण हटवण्याचा अधिकार पंचायतीला आहे, आणि पंचायत हलली नाही तर जिल्हाधिकारी हस्तक्षेप करू शकतात.
पण आधी रस्ता कागदावर कुठे आहे ते शोधा. तीन ठिकाणी बघा:
गाव नकाशा. तुटक रेषांनी रस्ता दाखवला आहे का?
ज्या गटातून रस्ता जातो त्याचा सातबारा, त्यातला 'इतर अधिकार' हा रकाना.
ग्रामपंचायतीचा नमुना 23, म्हणजे रस्त्यांची नोंदवही. त्या रस्त्यावर मुरूम टाकला असेल किंवा पंचायतीने कसलाही खर्च केला असेल तर नोंद इथे सापडते. स्मशानशेड जनसुविधेतून (शासनाची गावांसाठीची योजना) झालं असेल तर त्याच्या अंदाजपत्रकात पोहोच रस्ता धरलेला असतो. ती प्रत पंचायत समितीच्या बांधकाम शाखेत मिळते.
रस्ता खासगी गटातून असेल आणि कुठेच नोंद नसेल, तर अडवणारा म्हणणार, माझी जमीन आहे, मी कुंपण घातलं. म्हणून प्रश्न हा, की बाकीचं गाव त्याच वाटेने जातं का?

माळावरची_बोर
तारेचं कुंपण आहे, एक फाटक आहे. गावातली मयत असली की फाटक उघडतं. वस्तीची मयत असली की कुलूप. शेड जनसुविधेचंच. मग सगळं स्पष्टच आहे ना?

कोर्टाची_पायरी
आता झालं स्पष्ट. कुंपण सगळ्यांनाच बंद असतं तर तो महसुली वाद झाला असता. फाटक काहींना उघडतं आणि काहींना नाही, त्यामुळे ते ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(झेडए) मध्ये येतं. इतरांच्या बरोबरीने स्मशानभूमी, दफनभूमी, पाणवठा, रस्ता वापरू न देणं, असा हा गुन्हा. शिक्षा किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं. गुन्हा दखलपात्र आहे, त्याची एनसी होऊच शकत नाही. कलम 18अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.
ठाणेदार घेत नसेल तर नियम 5(3): तक्रारीचा मजकूर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना. रजिस्टर्ड पाठवा, पोहोच जपून ठेवा. शिवाय राष्ट्रीय हेल्पलाइन 14566 वर नोंदवा, तिथे डॉकेट क्रमांक मिळतो. तो क्रमांक बैठकीत फार उपयोगी पडतो, कारण तारखेचा वाद राहत नाही.
आणखी एक विचारायचं राहिलं. वस्ती कुणाची, आणि जिल्हा विदर्भातला आहे का?

माळावरची_बोर
मराठवाडा. मातंग समाजाची घरं आणि पाच-सहा कैकाडी कुटुंबं. त्याने काय फरक पडतो?

कोर्टाची_पायरी
खूप फरक पडतो. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे, तुमच्याकडे विमुक्त जातींत. म्हणजे तुमच्या जिल्ह्यात मातंग कुटुंबांना ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो, कैकाडी कुटुंबांना होत नाही. सगळ्यांचा मिळून एकच अर्ज दिलात आणि पहिली सही कैकाडी कुटुंबाची असली, तर तोच अर्ज पुढे करून 'कायदा लागू नाही' असं लिहून फाइल बंद करतील. फिर्याद मातंग कुटुंबातल्या, ज्यांना प्रत्यक्ष अडवलं त्या व्यक्तीची हवी. तारीख, वेळ, फाटकाला कुलूप कुणाचं, कोण काय बोललं, शेवटी अंत्यविधी कुठे करावा लागला, हे सगळं त्यात यावं. कैकाडी कुटुंबांचा वेगळा अर्ज ग्रामपंचायतीकडे कलम 53 खाली द्या, त्यांना वगळू नका.
जातीचे दाखले आत्ताच गोळा करा. दोषारोपपत्र अडकण्याचं आणि अर्थसाहाय्य थांबण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. दाखला नसेल तर प्रांत कार्यालयातच अर्ज होतो, आणि तुमचे अध्यक्ष प्रांतच आहेत. बैठकीत हे एक वाक्य जरूर बोला.

गावकी
वकील मंडळी लगेच कलमं काढतात. गुन्हा नोंदवला की दोन्हीकडची माणसं आयुष्यभर तारखा करतात आणि फाटक तसंच राहतं. तंटामुक्त समिती बोलवा. 2007 पासून ती मोहीम आहे, गावागावांत समित्या आहेत. सरपंच, पोलीस पाटील, दोन्ही बाजूंची वडीलधारी माणसं बसवा, फाटकाच्या किल्ल्या ग्रामपंचायतीकडे द्या, विषय संपतो.

भीमाकाठ
गावकी, हा तंटा नाही. तंट्याला दोन बाजू असतात आणि दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं. इथे वस्तीने नेमकं काय सोडायचं? ॲट्रॉसिटीचा गुन्हा तडजोडपात्र नाही, तंटामुक्त समितीला तो मिटवण्याचा अधिकारच नाही. अशा बैठकीत वस्तीतल्या लोकांकडून 'आमची तक्रार नाही' असं लिहून घेतात आणि पुढे तोच कागद बी समरीला (तक्रार खोटी ठरवून प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) जोडला जातो.

गावकी
मी तक्रार मागे घ्या म्हणालो नाही. उद्या वस्तीत कुणी गेलं तर प्रेत घेऊन कुठे जायचं, एवढंच विचारतो. दोषारोपपत्र साठ दिवसांनी येईल. तोवर काय?

तलाठी_सज्जा
गावकींचा हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला उत्तरही आहे. फाटक उघडणं हे प्रशासनाचं काम, ते गुन्ह्याच्या तपासावर अवलंबून नाही. प्रांत तहसीलदारांना स्थळपाहणी करायला सांगू शकतात. तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी एकत्र जाऊन पंचनामा करायचा आणि कुलूप काढायचं. त्या पंचनाम्यात 'दोन्ही पक्षांत समझोता झाला' असं वाक्य येऊ देऊ नका. 'सार्वजनिक रस्ता सर्वांसाठी खुला करण्यात आला', एवढंच लिहून घ्या.

कोर्टाची_पायरी
सहमत. शिवाय 2016 च्या सुधारित नियमांच्या परिशिष्टात या कलमाखाली पीडिताला 1 लाख रुपये अर्थसाहाय्य आहे आणि स्मशानभूमी वापरण्याचा हक्क पूर्ववत करून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. म्हणजे फाटक उघडायला गावाच्या संमतीची गरज नाही.

जातगंगा_नको
सामाजिक बहिष्कार कायदा कुणी सांगितला नाही? महाराष्ट्रात जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो लावा.

भीमाकाठ
तो कायदा एकाच समाजाच्या जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकलं तर. इथे गाव एका वस्तीला अडवतं आहे. दुकानदाराने सामान देणं, गिरणीवाल्याने दळण घेणं बंद केलं असेल तर ॲट्रॉसिटीचंच 3(1)(झेडसी) लागेल. तसं घडलं आहे का? माळावरची_बोर यांनी सांगावं.

माळावरची_बोर
नाही, तसं नाही. पण माझा मूळ प्रश्न राहिला. समितीत मांडायचं कसं? आदेश काढता येतो की नाही?

समाजकल्याण_वाचक
नाही. समिती आढावा घेते: कायद्याची अंमलबजावणी, पीडितांना मिळणारं अर्थसाहाय्य व पुनर्वसन, खटल्यांची स्थिती, आणि संबंधित अधिकारी व संस्था काय करत आहेत. कुणाला दोषी ठरवणं, तपास करणं, पोलिसांना अमक्याला अटक करा म्हणणं तिच्या कक्षेत नाही. पण अध्यक्ष प्रांत आहेत, आणि पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, गटविकास अधिकारी हे सदस्य म्हणून समोर बसलेले असतात. त्यांना ते स्वतःच्या अधिकारात तिथल्या तिथे सूचना देतात. ती सूचना इतिवृत्तात आली की पुढच्या बैठकीत अनुपालन (काय केलं याचा अहवाल) द्यावं लागतं. समितीची सगळी ताकद त्या इतिवृत्तात आहे.

पद्धत अशी ठेवा. उद्याच अध्यक्षांना पत्र द्या, प्रत सदस्य सचिवांना. केंद्राच्या नियमात उपविभागीय समितीचे सदस्य सचिव गटविकास अधिकारी. आवक शिक्का घ्या. पत्रात विषयपत्रिका आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. नियमाप्रमाणे बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी, मागची कधी झाली ते इतिवृत्तावरून कळेल.

त्याच पत्रात पोलिसांकडून तक्ता मागवा. बेरीज नको, प्रकरणनिहाय हवा: गुन्हा क्रमांक, नोंद दिनांक, कलम, तपास अधिकाऱ्याचा हुद्दा (नियम 7 प्रमाणे उपअधीक्षकापेक्षा कमी नको), दोषारोपपत्राचा दिनांक, 60 दिवस उलटले असल्यास कारण. नुसती बेरीज वाचून दाखवली की बैठक वीस मिनिटांत संपते आणि दोन वर्षं रखडलेलं प्रकरण त्या बेरजेत दिसतच नाही. तारखा समोर असल्या की दिसतं.

दुसरा तक्ता अर्थसाहाय्याचा. प्रस्ताव कधी आला, मंजुरी कधी, खात्यात कधी. नियम 12(4) मध्ये सात दिवस आहेत. उशिराचं कारण 'निधी नाही' असेल तर तसं लेखी येऊ द्या, म्हणजे ते जिल्हा समितीकडे पाठवता येतं. कारण दाखला किंवा बँक खातं असेल तर तिथेच तहसीलदारांकडे सोपवून घ्या.

तिसरा, समरीचा. बी आणि सी समरी (सी म्हणजे तक्रार गैरसमजातून झाल्याचा अहवाल) किती प्रकरणांत पाठवल्या आणि फिर्यादीला त्याची नोटीस मिळाली का. कलम 15अ प्रमाणे पीडिताला प्रत्येक कार्यवाहीची आगाऊ माहिती द्यायची असते, जामिनाच्या सुनावणीचीही. हे सर्रास होत नाही. त्यावर बोलणारा सदस्य समितीत असला तर फरक पडतो, म्हणून एवढं लिहितो आहे.

चौथा विषय तुमचं गाव. पत्रात फिर्यादीचं नाव घालू नका, विषयपत्रिका बऱ्याच टेबलांवरून फिरते. नाव सीलबंद अर्जात अध्यक्षांना द्या.

शिधा_जागर
या सदस्यांना प्रवास भत्ता मिळतो का?

पाणंद
अर्धा विषय तरी महसुलाचाच निघाला, म्हणून म्हणतो, मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे टाकून ठेवा. हद्द कायम झाली की कुंपणवाला बोलू शकत नाही.

तलाठी_सज्जा
मोजणी टाका, पण फाटक उघडणं त्यावर अवलंबून ठेवू नका. मोजणीला महिने जातात.

माळावरची_बोर
खूप उपयोग झाला. पत्राचा चौथा मुद्दा असा लिहिला आहे, बरोबर आहे का बघा:

"मौजे ... येथील सार्वजनिक स्मशानभूमीच्या रस्त्यावरील फाटक अनुसूचित जातीच्या वस्तीतील अंत्यविधीच्या वेळी बंद ठेवले जाते. याबाबत पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची अदखलपात्र नोंद करण्यात आली आहे. तरी संबंधितांवर कडक कारवाई करण्यात यावी, ही विनंती."

समाजकल्याण_वाचक
शेवटचं वाक्य काढा. 'कडक कारवाई' कुणी, कधीपर्यंत, हे त्यात नाही. उत्तरात 'कारवाई सुरू आहे' लिहून सोडून देतील. त्याऐवजी:

"तरी (1) तहसीलदार व गटविकास अधिकारी यांनी संयुक्त स्थळपाहणी करून रस्ता सर्वांसाठी खुला करावा व पंचनामा सादर करावा, मुदत 3 दिवस. (2) दिनांक ... च्या अदखलपात्र नोंदीबाबत कलम 3(1)(झेडए) खाली गुन्हा का नोंदवला नाही, याचे लेखी कारण पोलीस उपअधीक्षक यांनी या बैठकीत सादर करावे. (3) दोन्हींचा अनुपालन अहवाल पुढील बैठकीपूर्वी सर्व सदस्यांना देण्यात यावा."

एनसीची प्रत जोडा, क्रमांक आणि तारीख ठळक करा.

भीमाकाठ
आणि इतिवृत्त आल्यावर हे तिन्ही मुद्दे त्यात आहेत का ते लगेच तपासा. गाळले असतील तर पुढच्या बैठकीची वाट न बघता दुरुस्तीचं पत्र द्या.

माळावरची_बोर
सकाळी देतो. फिर्याद मात्र अजून तयार नाही. ज्यांच्या घरची मयत होती ते ऊसतोडीला गेले आहेत, थेट गुरुवारीच येतील. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाची फिर्याद चालेल का?

कोर्टाची_पायरी
दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुणीही देऊ शकतो. अंत्ययात्रेत जे फाटकापर्यंत गेले होते त्यांच्यापैकी मातंग समाजातली कुणीही व्यक्ती चालेल, कारण अडवलं त्यांनाही गेलं. घरच्यांचा जबाब ते आल्यावर होईल. गुरुवारची वाट बघू नका.