घरच्या नाताळात सांता असावा का? (ख्रिस्ती आईबाबांसाठी)

घोरपडीची आई

मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत. गेल्या नाताळला रात्री आम्ही तिच्या उशाशी रंगपेटी ठेवली आणि सकाळी सांगितलं, सांतानं आणली. फार विचार केला नव्हता. तिच्या वर्गात बहुतेकांकडे सांता येतो, आणि आपल्या घरी तर खरा नाताळ असतो, मग आपल्याकडेच का नको, एवढंच मनात होतं.

या जूनमध्ये शाळेतून आणताना स्कूटरवर पुढे उभी राहून तिनं विचारलं, "मम्मी, सांताला कुणी बघितलंय?" मी म्हटलं, नाही गं. सिग्नल सुटायच्या आत दुसरा प्रश्न आला, "मग येशूला?"

त्या दिवसापासून मला चैन नाही. रात्री प्रार्थनेच्या वेळी मी तिला सांगते की प्रभू डोळ्यांना दिसत नाही, पण तो तुला बघतो, तुझं ऐकतो. सांताबद्दलही मी हेच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. उद्या सांता खोटा निघाला, तर दुसऱ्या गोष्टीवर तिनं का विश्वास ठेवावा?

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. तो फातिमानगरचा. लहानपणी नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या कॅरल पार्टीबरोबर नाचत येणारा सांता त्याला अजून आठवतो. त्याला वाटतं, मी उगीच ताणतेय आणि पोरीचा आनंद घालवतेय. सासूबाई नगरच्या. त्या एकच वाक्य बोलल्या, "आमच्याकडे सांता नव्हता, नाताळ होता."

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू व्हायच्या आत आम्हाला ठरवायचंय. तुमच्या घरी काय करता?

नगरकर

ताई, सासूबाईंचं ऐका. मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलो. नाताळ म्हणजे पहाटे सडा-रांगोळी. बांबूच्या काड्या बांधून, वर पतंगाचा कागद चिकटवून केलेला तारा आणि आत कंदील. करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे शेजारीपाजारी द्यायचे. रात्री देवळात टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो.

भेट एकच असायची, नवे कपडे. वडील एकाच ताग्यातलं कापड आणायचे आणि आम्हा चारही भावंडांचे सदरे-झगे त्यातून निघायचे. त्या कापडासाठी वडिलांनी कुणाकडे शब्द टाकला होता, हे आम्हाला घरात कुजबुजीतून कळायचं. सदरा घालताना ते आठवायचं. समजा आम्हाला सांगितलं असतं की हे कुणी लाल झग्यातल्या म्हाताऱ्यानं बर्फातून आणलं, तर आमच्या वडिलांचे कष्ट आम्हाला कधी दिसलेच नसते. सांताबद्दलचा माझा मोठा राग हा आहे. आईबापांचं प्रेम तो आपल्या नावावर करतो.

वानवडीचा बाबा

काका, तुमच्या आठवणीबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष पटत नाही.

खेळ आणि खोटं यात फरक आहे की नाही? मुलगी भातुकलीतला रिकामा कप पुढे करते, आपण भुर्रकन पिऊन "साखर जास्त झाली" म्हणतो. एक घास काऊचा, एक घास चिऊचा असं म्हणत आपल्या सगळ्यांच्या आयांनी आपल्याला भरवलं. मोठं झाल्यावर कुणी आईला खोटारडी म्हटलं का? चांदोमामा आपला मामा नव्हता, म्हणून पवित्र शास्त्रावरचा विश्वास उडाला का?

माझे दोन मुलगे. थोरल्याला आठव्या वर्षी कळलं. आम्ही त्याला सांगितलं, आता तू आमच्या बाजूचा झालास, धाकट्याची भेट या वर्षी तू लपवायची. त्यानं खाऊच्या पैशांतून धाकट्यासाठी भोवरा घेतला, कागदात गुंडाळला आणि कुणाला सांगितलं नाही. आपलं नाव न लावता देणं तो त्या रात्री शिकला. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, ही शिकवण याहून सोप्या रीतीनं मुलाला कशी देणार?

आणि एक इशारा. शुद्धतेच्या नादात माणसं फार पुढे जातात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट पंथाच्या, वसाहतीनं १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. सांताला नव्हे, नाताळलाच! तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. असा कडकपणा करून मुलं देवाजवळ येत नाहीत.

घोरपडीची आई

दादा, काऊ-चिऊचं उदाहरण मला रात्रभर पुरलं. पण काऊच्या घासाच्या वेळी मूल खिदळत असतं, कारण आई खेळतेय हे त्याला ठाऊक असतं. आणि "तू शहाण्यासारखी वागलीस तरच काऊ येईल, तो वही घेऊन बसलाय" असं कुणी आई म्हणत नाही. सांताच्या बाबतीत मी म्हटलं होतं. डिसेंबरभर. दूध संपव, नाहीतर सांता येणार नाही.

बिबवेवाडी_४१

सांता म्हणजे कोकाकोलाची जाहिरात. कंपनीनं माल खपवायला लाल कपडे घातले. ख्रिस्ती घरात त्याचं काय काम?

क्वार्टर गेट

हे अर्धवट आहे, म्हणून जरा लिहिते. कोकाकोलाच्या जाहिरातींतला गुबगुबीत सांता १९३१ पासूनचा. त्याच्या कितीतरी आधी, १८६३ पासून, थॉमस नास्ट हा चित्रकार 'हार्पर्स वीकली' या अमेरिकी साप्ताहिकात सांताची चित्रं काढत होता. रेनडिअरच्या गाडीतून येऊन धुराड्यातून उतरणारा सांता घरोघर पोचवणारी कविता १८२३ ची. कंपनीनं तयार चेहरा उचलला आणि जगभर नेला.

पण त्या सगळ्याच्या मागे एक खरा माणूस आहे, आणि तो आपला आहे. संत निकोलस, चौथ्या शतकातले मायराचे बिशप. मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. त्यांची सर्वांत जुन्या गोष्टींपैकी एक अशी: एका गरीब माणसाच्या तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, मुलींची विक्री होण्याची वेळ आलेली. निकोलसांनी रात्री येऊन खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकेका मुलीसाठी एकेकदा. बापानं पाळत ठेवून त्यांना गाठलं, तेव्हा म्हणाले, कुणाला सांगू नकोस. आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. हुंडा हा शब्द ऐकला की पुरे.

त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. युरोपात मुलांना भेटी त्या सुमारास मिळायच्या. धर्मसुधारणेनंतर जर्मनीतल्या प्रोटेस्टंट घरांनी संतांचे सण बाजूला सारले, भेटींचा दिवस नाताळवर नेला आणि भेट आणणारा म्हणून ख्रिस्तबाळाला पुढे केलं. डच लोकांनी मात्र आपला सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलसच, सोडला नाही, आणि तेच नाव न्यूयॉर्कला जाऊन सांताक्लॉज झालं. म्हणजे "घरात निकोलस की येशू" हा वाद आपल्या आधी पाचशे वर्षं ख्रिस्ती आईबाबा घालत आलेत.

आमच्याकडे ६ डिसेंबरला मुलांना गोष्ट सांगतो आणि ती आपल्या वस्तूंतली एक चांगली, न मोडलेली वस्तू दुसऱ्या कुणासाठी काढून ठेवतात. २५ तारखेला गव्हाणीपाशी फक्त बाळ येशू. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साआधी (उपासनेआधी) गव्हाण रिकामी असते, परत आल्यावर धाकटी त्यात बाळाला ठेवते. सांताची उणीव कुणाला जाणवली नाही.

बिबवेवाडी_४१

कोकाकोलाचं माझं चुकलं, मान्य. मुद्दा तोच राहतो. आज मॉलच्या दारात जो उभा असतो तो मायराचा बिशप नसतो.

शब्बाथशाळेची ताई

मी पेठेतल्या एका जुन्या मंडळीत (चर्चमध्ये) बरीच वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेते. मला या विषयावर शांतपणे लिहिता येणार नाही, कारण एक मुलगा डोळ्यांसमोरून जात नाही.

आमच्या वर्गात सगळ्या थरांतली मुलं येतात. बंगल्यातली येतात, ज्यांच्या आया चार घरची धुणीभांडी करतात तीही येतात. एका वर्षी नाताळनंतरच्या रविवारी मी सहज विचारलं, सांतानं काय आणलं? एक म्हणाला, सायकल, गिअरची. त्याच्या शेजारी बसलेल्याला पेन्सिलींचा डबा मिळाला होता. तो आधी काही बोलला नाही. वर्ग सुटल्यावर चपला घालताना त्यानं मला विचारलं, "ताई, मी त्याच्यापेक्षा वाईट वागलो का?"

विचार करा. त्याच्या आईनं तो डबा आणताना आठवड्याचा भाजीपाल्याचा हिशेब वर-खाली केला असेल. ती "हे मी आणलं, मला एवढंच जमलं" म्हणाली असती, तर पोरानं तिला मिठी मारली असती. सांताचं नाव आल्यामुळे त्याला वाटलं की आपल्या चांगुलपणाची किंमत तेवढीच झाली. प्रश्न विचारणारी मीच होते, म्हणून हे ओझं माझंही आहे. त्यानंतर वर्गात मी सांताचं नाव काढलं नाही.

आता शिकवणुकीचं. "चांगलं वागलास तर भेट" हे शुभवर्तमानाच्या नेमकं उलट आहे. आपण मुलांना कृपा शिकवतो. लायकी नसताना, न मागता, देवानं आपला पुत्र दिला. बेथलेहेमला बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ आधी कुणाला दाखवलं? रात्री शेतात राखण करणाऱ्या मेंढपाळांना. त्यांची वही तपासली नव्हती. वानवडीच्या दादा, तुमच्या थोरल्याचा भोवरा मला फार आवडला, मनापासून. पण तो भोवरा सुंदर झाला तो सांता गळून पडल्यावर.

वानवडीचा बाबा

ताई, त्या मुलाचं वाचून मी थोडा वेळ नुसता बसून होतो. चांगलं-वाईट वागण्याची अट मी उद्यापासून काढतो, आणि मोठ्या भेटीवर आमचंच नाव राहील. यात वाद नाही. तरी सांता घरातून पूर्ण काढायला मन तयार नाही. धाकटा अजून पाच वर्षांचा आहे. रात्री खिडकीशी बसतो तेव्हा त्याचा चेहरा बघितलाय मी.

पिंपळे सौदागर

घरातलं बोलताय, मी दाराबाहेरचं सांगतो. आमच्या सोसायटीत आमचं एकच ख्रिस्ती घर. दरवर्षी सेक्रेटरी येऊन म्हणतात, "तुमचा सण, सांता तुम्हीच." मी होतो. कापसाची दाढी लावतो, मुलांना चॉकलेटं वाटतो. त्या निमित्तानं शेजारी घरी येतात, बायकोच्या हातच्या करंज्या खातात, मुलं गव्हाणीतल्या मेंढ्यांना हात लावून बघतात. सांता नसता तर आमच्या दारात तारा का लागतो हेही कुणाला कळलं नसतं. दार उघडायला तो उपयोगी पडतो.

नगरकर

खरं सांगा, इतक्या वर्षांत गव्हाणीतलं बाळ कोण, हे किती जणांनी विचारलं?

पिंपळे सौदागर

दोघांनी. एक आजी आणि एक आठवीतला मुलगा. आजी आता दर नाताळला माझ्या बायकोकडून लूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा दुसरा अध्याय वाचून घेतात. काका, मला दोन कमी वाटत नाहीत.

नगरकर

मलाही वाटत नाहीत. ते शब्द मी मागे घेतो. पण एक सल आहे ती राहतेच. सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांच्या चर्चसाठी पुण्यात जागा दिली ती १७९२ मध्ये. तेच आजचं सिटी चर्च. म्हणजे सांताची ती कविता छापली जाण्याच्या तीस वर्षं आधी. नाताळ या गावचा जुना रहिवासी आहे. तरी शेजाऱ्याला तो समजावा म्हणून आपल्याला परक्या थंडीतले कपडे घालावे लागतात. तुम्ही पुढच्या वर्षी सांता व्हा, पण सोबत दोन मुलांना मेंढपाळ करा. घोंगडी आणि काठी पुरे. आपल्याकडचा धनगर ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही.

पिंपळे सौदागर

हे करतो. घोंगडी आहे घरात.

घोरपडीची आई

काल सांगितलं तिला. निकोलसांची गोष्ट आधी सांगितली, मग म्हटलं, रंगपेटी मी आणि पप्पांनी आणली होती, लक्ष्मी रोडच्या दुकानातून. मला वाटलं होतं रडेल. ती गप्प झाली आणि म्हणाली, "मग थँक्यू मी चुकीच्या माणसाला म्हटलं." उठून पप्पाच्या गळ्यात पडली. जो नवरा इतके दिवस माझ्याशी वाद घालत होता, त्याचेच डोळे भरले.

मग तिनं तो दुसरा प्रश्न पुन्हा विचारला. येशूला कुणी बघितलंय? या वेळी मी म्हटलं, हो, पुष्कळांनी बघितलं, त्याच्याबरोबर जेवले, त्याला मरताना पाहिलं आणि पुन्हा उठलेला पाहिला, आणि त्यांनी ते लिहून ठेवलंय. आपण रोज थोडं वाचू. आगमनकाळात लूकपासून सुरुवात करणार आहोत.

कॅरल पार्टीतला सांता राहील. दाढीमागे आपल्या मंडळीतलेच काका आहेत हे तिला आता माहीत आहे, तरी त्यांच्याबरोबर नाचायचंच आहे असं तिनं बजावलंय.

वानवडीचा बाबा

ताई, मनापासून बरं वाटलं. एकच काळजी. ती शाळेत सांगेल ना? आमचा धाकटा तिच्याहून एकच वर्षानं लहान. कुणा मोठ्या मुलीनं त्याला बसमध्ये सांगितलं तर मला वाईट वाटेल. आणि "कुणाला सांगू नकोस" म्हटलंत, तर तिलाही लपवाछपवीत ओढल्यासारखं होईल.

घोरपडीची आई

हे मलाही सुटलेलं नाही. तिला एवढंच म्हटलंय की कुणाच्या घरी काय सांगायचं ते त्यांचे मम्मी-पप्पा ठरवतात. कुणी तिला थेट विचारलं, तर ती खोटं बोलणार नाही, आणि मी तिला बोलायला लावणारही नाही. त्यासाठी आधीच माफी मागते, दादा.

काका, सासूबाईंना या वर्षी बांबूचा तारा करायचाय. काड्या पुण्यात कुठे मिळतील?

नगरकर

बुरुड आळीत. ओल्या नको, वाळलेल्या मागा, आणि बोटभर रुंदीच्या चिरून घ्या. पाच मोठ्या काड्यांचा एक तारा, असे दोन करायचे आणि मध्ये आडव्या काड्या बांधून फुगवटा द्यायचा. कागद पतंगाचाच घ्या, उजेड छान गाळतो. चिकटवायला घरी शिजवलेली खळ. आत कंदील नको, छोटा बल्ब लावा. आणि गाठी सासूबाईंनाच मारू द्या, त्यांना आठवत असतील.