स्थानिक कार्यालयाकडे दुभाष्याची मागणी कशी करावी?

प्रश्न: माझ्या आईला येथील प्रशासनाची भाषा येत नाही. घरभाडे-साहाय्याच्या अर्जासाठी तिला मुलाखतीचे पत्र आले आहे. दुभाषी आणि पत्राचे भाषांतर कसे मागावे?

उत्तर १: मुलाखतीची वेळ ठरवतानाच लेखी मागणी नोंदवावी आणि तीत भाषेबरोबर बोलीही कळवावी, कारण बोली वेगळी निघाली तर दुभाषी समोर असूनही संवाद अडतो. प्रत्यक्ष दुभाषी उपलब्ध नसल्यास दूरध्वनीवरून सोय होईल का, हेही अवश्य विचारावे.

उत्तर २: घरातील लहान मुलांवर मात्र हे काम कृपया सोपवू नका, आजीचे उत्पन्न आणि आजारपण त्यांच्या तोंडून वदवणे मला अन्यायाचे वाटते. पत्रातील अंतिम तारीख आधी समजून घ्या, कारण भाषांतर रखडले म्हणून मुदत वाढेलच असे नाही.