मदत हवी आहे: कोल्हापुरात १६ सदनिकांच्या सोसायटीचा पुनर्विकास. '४० टक्के जादा जागा' हा प्रस्ताव कसा तपासायचा?

सचिव_१६ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. नागाळा पार्क भागातल्या नोंदणीकृत सोसायटीसाठी विचारतोय. तपशील असा:

प्लॉट १,००० चौ.मी. तळमजला अधिक तीन मजले, १६ सदनिका, १९९० चं बांधकाम. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम साधारण १,००० चौ.मी. प्रत्येक सदनिकेचं कार्पेट ५२ चौ.मी., म्हणजे ५६० चौ.फूट. समोरचा रस्ता टेपनं मोजला तर साडेसात मीटर. प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव आहे. तळमजल्यावर पुराचं पाणी आलेलं आहे.

बिल्डरचं दोन पानी पत्र आलंय. प्रत्येकाला ४० टक्के जादा कार्पेट, २४ महिन्यांत ताबा, दरमहा भाडं. दिवाळीपर्यंत जागा रिकामी करून हवी आहे. १६ पैकी तिघांचा विरोध आहे. प्रस्ताव खरा की खोटा हे कुठून तपासायला सुरुवात करावी?

नकाशा_नगररचना

सुरुवात रस्त्यापासून करा. टक्केवारी सगळ्यात शेवटी बघायची.

मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांना २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, कोल्हापूरही त्यात आलं. तिच्यात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) १.१ मिळतो. प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) दोन्ही शून्य. तुमच्या साडेसात मीटरचा अर्थ हाच. बिल्डरनं हिशेब ९ मीटर धरून केला असेल तर ते ९ मीटर कुठून आले हे त्याच्याकडून लेखी घ्या. विकास आराखड्यात रुंदीकरण दाखवलेलं असेल तर झोन दाखला आणि भाग नकाशा मागवा. आराखड्यात नसेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा ठरवून घेण्याचा मार्ग आहे. पण ती रेषा अख्ख्या रस्त्याची ठरते. तुमच्या फाटकासमोरचे दीड मीटर सोडले की रस्ता ९ मीटरचा झाला, असं होत नाही. तो निर्णय कधी होईल ते सोसायटीच्या हातात नसतं, म्हणून त्याच्या भरवशावर करार करू नका.

आता आकडे. तुमच्या १,००० चौ.मी. वर १.१ प्रमाणे १,१०० चौ.मी. त्यावर निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळतं, म्हणजे आणखी ६६०. एकूण १,७६०. या नियमावलीत भिंती, बाल्कनी, जिना, लिफ्ट सगळं एफएसआयमध्ये मोजलं जातं. त्यामुळे १ चौ.मी. कार्पेट द्यायला ढोबळमानाने १.३५ चौ.मी. बांधकाम खर्ची पडतं असं धरा. नकाशानुसार हे थोडं वर-खाली होईल.

तुमचं आजचं एकूण कार्पेट १६ गुणिले ५२, म्हणजे ८३२. चाळीस टक्के वाढवलं की १,१६५. त्याला बांधकाम लागेल १,५७२. मग विक्रीला उरले १८८ चौ.मी., कार्पेटमध्ये १३९. म्हणजे जेमतेम अडीच सदनिका. अडीच सदनिका विकून सोळा जणांची घरं, त्यांचं दोन वर्षांचं भाडं, महापालिकेचं अधिमूल्य आणि स्वतःचा नफा कुणीही काढू शकत नाही. काम सुरू झालं तरी दुसऱ्या स्लॅबला अडकेल.

पुनर्विकासाच्या तरतुदीत ३० वर्षांहून जुन्या बहुसदनिका इमारतींना प्रोत्साहनपर एफएसआय आहे: विद्यमान अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा सदनिकेमागे १५ चौ.मी., यातलं जे जास्त असेल ते. तुमच्याकडे ३० टक्के म्हणजे ३००, आणि १५ प्रमाणे २४०. तेव्हा ३०० धरा. हे प्रोत्साहन १.१ वर नाही, विद्यमान १,००० वर मिळतं, म्हणजे १,३००; ६० टक्के पूरक क्षेत्रासकट एकूण २,०८० होतात. चाळीस टक्के दिले तर विक्रीला कार्पेट ३७६, सुमारे सात सदनिका. वीस टक्के दिले तर ५४२, म्हणजे दहा सदनिका. प्रकल्प उभा राहतो की नाही ते या सात आणि दहाच्या फरकात ठरतं. तुमच्या प्लॉटला हे प्रोत्साहन कसं लागू होतं ते नगररचना विभागाकडून तुमच्या वास्तुविशारदामार्फत लेखी घ्या, मगच बिल्डरशी बोला.

आणखी एक. एफएसआय मिळाला म्हणून तो प्लॉटवर बसेलच असं नाही. इमारत १५ मीटरच्या वर गेली की बाजूचं आणि मागचं अंतर उंचीच्या एक-पंचमांश सोडावं लागतं. २४ मीटर उंची गाठली तर दोन्ही बाजूंना ४.८० मीटर गेले. शिवाय अग्निशमनाच्या अटी, गाड्यांची जागा. बिल्डरकडून फक्त तक्ता घेऊ नका, प्लॉटवर बसवलेला कच्चा नकाशा मागा.

सचिव_१६

फारच मोलाचं. त्यांच्या पत्रात 'वापरण्यायोग्य कार्पेट' असा शब्द आहे. तो वेगळा असतो का?

खडी_वाळू

असतो, आणि गफलत तिथंच होते. रेरा (स्थावर संपदा) कायद्यातलं कार्पेट म्हणजे आतलं वापराचं क्षेत्र अधिक आतल्या भिंतींची जाडी. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची आणि डक्ट त्यात नाहीत. 'वापरण्यायोग्य' या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही, आणि त्यात बाल्कनी सर्रास मिसळलेली असते. तुमचं जुनं ५६० बहुधा आतल्या भिंती सोडून मोजलेलं असेल. तीच सदनिका रेरा पद्धतीनं मोजली की काहीच न वाढवता आकडा मोठा दिसतो. एका पद्धतीचं जुनं आणि दुसऱ्या पद्धतीचं नवं समोरासमोर ठेवलं की पाच-सात टक्के 'वाढ' आपोआप होते.

म्हणून आधी सोळाही सदनिका एकाच वास्तुविशारदाकडून मोजून घ्या. प्रत्येक खोली प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत, दाराच्या चौकटीची खाच वेगळी, आतल्या भिंती वेगळ्या रकान्यात, बाल्कनी वेगळ्या रकान्यात. बंद करून घेतलेली बाल्कनी मंजूर नकाशात उघडी असेल तर ती उघडीच धरायची. तक्त्यावर सभासदाची सही, वास्तुविशारदाची सही. हा तक्ता पुढे करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडायचा, म्हणजे ताब्याच्या दिवशी वाद उरत नाही.

आता पुराकडे या. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. जलसंपदा विभागाच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या पट्ट्यात आहे ते आधी पाहा. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. निळ्या रेषेच्या आत असाल तर प्रश्न आणखी अवघड, तिथं जलसंपदाचं ना-हरकत लागणारच. ही पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असते. राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका ही मापपट्टी वेगळी, ती थेट इथं लावू नका. भूमापकाकडून प्लॉटची आणि रस्त्याच्या मध्याची पातळी काढून घ्या.

पूरपट्ट्यातली चूक बहुतेक वेळा मांडणीतच होते. मीटरची खोली, लिफ्टचं नियंत्रण आणि पंपाचं पॅनेल पहिल्या मजल्यावर न्या. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी उतरणार हे धरून तिथं पंपाची सोय ठेवा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण पूरपातळीच्या वर उचललेल्या कठड्यावर हवं. टाकी जमिनीलगत असली की पुराचं पाणी झाकणातून आत जातं, आणि पूर ओसरल्यावरही सगळ्या घरांत तेच पाणी चढतं. सांडपाण्याच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर एकदिशा झडप लावा, नाहीतर नदीचं पाणी संडासातून उलटं येतं. आणि माती-तपासणी सोसायटीनं स्वतः करवून घ्या. काळी माती खोल असेल तर पायाचा खर्च बदलतो, आणि तो वाढीव खर्च करारानंतर तुमच्या दारात येतो.

संरचनात्मक तपासणीही आत्ताच करा. आदर्श उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीची ती दर तीन वर्षांनी व्हायला हवी. अहवालात नुसतं 'जीर्ण' लिहून चालत नाही. गाभा-नमुन्याची (काँक्रीट कोरून काढलेल्या तुकड्याची) ताकद, कार्बोनेशनची खोली (हवेतला कार्बन वायू काँक्रीटमध्ये किती आत शिरला ते) आणि सळईच्या गंजाची मोजणी, तिन्हींचे आकडे हवेत.

पायरी_पायरीने

वरच्या दोघांचं पटतंय, पण त्याआधी प्रॉपर्टी कार्ड. जमीन सोसायटीच्या नावावर नाही, मग विकसन करारनामा तुम्ही कशाच्या जोरावर करणार? मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मूळ मालकानं किंवा बिल्डरनं करून दिली नसली तरी जमीन आदेशानं सोसायटीच्या नावे करून घेणं) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये करा. सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, प्रत्येक सदनिकेचा नोंदणीकृत करार आणि सूची-२ (दस्त नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, प्रॉपर्टी कार्ड, वकिलाचा शोध अहवाल आणि मूळ बिल्डरला पाठवलेली नोटीस. कायद्यानं सहा महिन्यांत निर्णय व्हायला हवा. त्रुटी निघते ती बहुधा एखाद्या सदनिकेची साखळी तुटलेली असल्यामुळे: पहिला करार आहे, दुसऱ्या खरेदीचा आहे, मधला गायब. आत्तापासून सूची-२ च्या प्रती गोळा करा.

आदेश हातात आला म्हणजे झालं, असं समजून पुष्कळ सोसायट्या थांबतात. त्यानंतर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणं), मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, मग सिटी सर्व्हेला फेरफार. कार्डावर सोसायटीचं नाव आलं की ही पायरी संपली.

सभेचं गणित: ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे (सहकार अधिनियमाचं कलम ७९अ) विशेष सभेला एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश हजेरी आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. तुमच्याकडे हजर ११, बाजूनं ९. नोटीस १४ दिवस आधी आणि पोच घेऊन. बिल्डर निवडीच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी बोलवायचा, चित्रीकरण करायचं. समितीच्या सदस्याचा नातेवाईक बिल्डर म्हणून चालत नाही. शिवाय एकाच बिल्डरच्या पत्रावर ठराव करू नका. आधी सोसायटीचा स्वतःचा प्रकल्प सल्लागार, त्याचा व्यवहार्यता अहवाल, मग निविदा.

सचिव_१६

बिल्डर म्हणतो, 'कन्व्हेयन्स मी बघतो, समांतर चालू दे, तोवर करार करून घेऊ.' आणि तिघे नाहीच म्हणाले तर?

पायरी_पायरीने

समांतर चालवायला हरकत नाही, पण कुणी काय करायचं ते ठरवा. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज सोसायटीचा, वकील सोसायटीचा, फी सोसायटीची. तोवर फार तर अटी लिहिलेलं इरादापत्र द्या. नोंदणीकृत करारनामा आणि मुखत्यारपत्र कार्डावर नाव चढल्यावर.

तिघांबद्दल: योग्य सभेत बहुमतानं झालेला निर्णय अल्पमतातल्या सभासदांना बांधील असतो, अशी मुंबई उच्च न्यायालयाची ठाम भूमिका आहे. पण त्यासाठी नोटिसांच्या पोचा आणि इतिवृत्त चोख लागतं. आणि त्या तिघांचे प्रश्न लेखी घ्या, लेखी उत्तर द्या. भाडं बंद पडलं तर काय, हा प्रश्न तेच विचारतील, आणि तो सोळाही जणांचा आहे.

कलम_वाचक

करारनाम्यातल्या ज्या जागी सोसायट्या फसतात तेवढ्याच सांगतो.

बँक हमी: शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के हमी आहे. आपल्याकडचे बिल्डर याला तयार होत नाहीत. अजिबातच जमत नसेल तर विक्रीच्या काही सदनिका सोसायटीच्या नावे राखून ठेवल्याचं कलम घाला, आणि त्या भोगवटा दाखल्यानंतरच मोकळ्या होतील असं लिहा. हे महत्त्वाचं, कारण रेराचं ७० टक्क्यांचं राखीव खातं विक्रीच्या सदनिका घेणाऱ्यांसाठी असतं. जुन्या सभासदांची सुरक्षा करारनाम्यातूनच येते.

मुखत्यारपत्र: परवानग्या, बांधकाम आणि विक्रीच्या सदनिकांपुरतंच. 'मालमत्ता तारण ठेवण्याचा अधिकार' हे चार शब्द सोसायटीच्या जमिनीबाबत कुठंही राहता कामा नयेत. मसुद्यात ते बहुधा आठव्या-नवव्या पानावर इतर अधिकारांच्या रांगेत असतात.

रिकामं करणं: दिवाळी विसरा. सगळ्या सदनिकांसह पूर्ण नकाशाची मंजुरी, बांधकाम परवाना, भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश आणि प्रत्येक सभासदाचा स्वतंत्र नोंदणीकृत करार, हे सगळं हातात आल्यावरच किल्ल्या. नुसत्या जोत्यापर्यंतच्या परवान्यावर इमारत पाडू देऊ नका.

भाडं: 'ताब्यापर्यंत' लिहू नका. 'भोगवटा दाखल्यासह ताब्यापर्यंत' लिहा. २४ महिन्यांनंतर ते थांबणार नाही आणि दर वर्षी किती वाढेल, हे आकड्यात.

मुद्रांक: सभासदांच्या स्वतंत्र करारावर, जादा क्षेत्र पैसे देऊन विकत घेतलं नसेल तर, वेगळं मूल्याधारित मुद्रांक शुल्क लागत नाही. फेब्रुवारी २०२३ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे, तेव्हा १०० रुपयांचा मुद्रांक पुरत होता. विकसन करारनाम्यावर मात्र पूर्ण शुल्क, ते आणि जीएसटी बिल्डरकडे असल्याचं स्पष्ट लिहा.

सचिव_१६

सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारच्या समिती सभेत तीन विषय घेतोय: वकील नेमून मानीव अभिहस्तांतरण, सोळाही सदनिकांची मोजणी, आणि झोन दाखला व पूररेषेचा नकाशा. बिल्डरला उत्तरात काय कळवावं?

नकाशा_नगररचना

एवढंच कळवा: '४० टक्क्यांच्या हिशेबात रस्त्याची रुंदी किती धरली आहे, एकूण बांधकाम किती, विक्रीच्या सदनिका किती आणि कार्पेटची व्याख्या कोणती, हे स्वाक्षरीसह द्यावे.' उत्तर आलं की ते इथं टाका, नावं झाकून. आकडे आपण सगळे मिळून तपासू.