अनुभव धागा: "ताटाएवढा मोठा होता" याच्यापुढे काय विचारायचं? (हौशी यूएफओ गटांची कामं)

रातवा
आकाशातल्या दिव्यांच्या रांगेचा एक व्हिडिओ परत फिरायला लागलाय आणि यूएफओ (आकाशातली न ओळखलेली वस्तू) पाहिलेल्या साक्षीदारांच्या जुन्या नोंदींमधला नेहमीचा शेरा आठवला: "ताटाएवढा मोठा होता." ताट हातात धरलेलं की दहा पावलांवर ठेवलेलं? एवढं विचारायचं राहिलं की नोंद कायमची निकामी. गटात ज्यांनी मुलाखती, मोजमापं, छाननी केलीय त्यांनी काय जमतं आणि कुठे फसतं ते लिहा. परग्रहवासी आहेत की नाहीत हा वाद इथे नको.

सुरुवात मुलाखतीपासून करते. आधी कागद आणि पेन्सिल द्यायची, चित्र काढून झालं की बोलणं. साक्षीदार दोन असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत. पहिलं कथन मध्ये तोडायचं नाही. आणि "तबकडी" हा शब्द आपल्या तोंडून आधी जाता कामा नये. ते "दिवा" म्हणाले तर फॉर्मवर दिवाच लिहायचा. 24 जून 1947 ला अमेरिकेत माउंट रेनियरजवळ केनेथ अरनॉल्ड या वैमानिकाने नऊ वस्तू पाहिल्या. त्याचं म्हणणं असं, की बशीची उपमा त्याने उसळत जाणाऱ्या गतीला दिली होती. वर्तमानपत्रांनी ती आकाराला चिकटवली आणि पुढे लोकांना बशाच दिसायला लागल्या.

कोनमापे
छान धागा. आकार कोनातच घ्यायचा, दुसरा इलाज नाही. हात पूर्ण ताणून: करंगळीची जाडी 1°, मूठ 10°, पसरलेली वीत 20° च्या आसपास. पूर्ण चंद्र फक्त अर्धा अंश, म्हणजे करंगळीमागे सहज लपतो. साक्षीदाराला एवढंच विचारा, "करंगळीने झाकलं गेलं असतं का?"

उंचीसाठी त्याच जागी, त्याच वेळेला परत जायचं. त्यांना हात सरळ ताणून बोट दाखवायला लावायचं आणि मोजमाप त्या हाताचं घ्यायचं. नुसतं तोंडी विचारलं तर 45° वरच्या गोष्टीलाही "डोक्यावर होतं" म्हणतात. खोटं बोलत नाहीत, सगळ्यांचंच तसं होतं.

उपकरण: कंपासपेटीतला 180° चा कोनमापक, सरळ कडेला चिकटवलेली स्ट्रॉ, मध्यबिंदूतून दोरा, दोऱ्याला नट. सपाट बघताना दोरा 90 वर येतो. 90 पासून जितका सरकला तितकी उंची.

सावळी
वाचतेय. कुकर लावून येते, कॅमेऱ्याबद्दल लिहायचंय.

ध्रुव_७
होकायंत्र गाडीच्या बॉनेटवर ठेवून दिशा घेऊ नका!! लोखंडी कठडा, फोनच्या कव्हरमधलं चुंबक, सगळं सुई ओढतं. चार पावलं लांब जाऊन वाचायचं आणि चुंबकीय उत्तर दिशा धरली की खरी उत्तर दिशा ते शेजारी लिहायचं. दोन्हींत किती फरक ते ठिकाणावर ठरतं, ते नंतर दुरुस्त करता येतं. पण कुठलं लिहिलंय हेच कळलं नाही तर काही करता येत नाही.

घटिका
वेळ राहिली की. अवकाश स्थानक माथ्याजवळून जाताना सेकंदाला साधारण 1° सरकतं. घड्याळ 20 सेकंद चुकलं तर आकाशात दोन मुठींचा फरक पडतो आणि उपग्रहाच्या तक्त्याशी जुळणी होत नाही. मग केस उगाच "अज्ञात" म्हणून पडून राहते. साक्षीदाराचं घड्याळ फोनच्या वेळेशी ताडून फरक टिपा. "साडेआठच्या सुमारास" असं सांगितलं तर टीव्हीवर काय चालू होतं, फोन कुणाला केला होता ते विचारा. कॉल लॉगमध्ये मिनिट सापडतं.

उल्का_प्रेमी
दिव्यांच्या रांगेचं म्हणाल तर स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. पहिले 60 मे 2019 मध्ये सोडले. सोडल्यावर पहिले काही दिवस माळ दिसते, मग ते वर चढून विखुरतात. संध्याकाळी किंवा पहाटे दिसतात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरले की आकाशाच्या मध्यातच विझतात. "अचानक गायब झालं" या वर्णनातले बरेच इथेच निकालात निघतात. सूर्य क्षितिजाखाली खोल असताना त्याच दिशेला क्षितिजालगत एकामागून एक चमकून विझणारे ठिपकेही हेच, वैमानिकांनीही ते कळवलेत.

उल्का आणि पुनःप्रवेश यात गल्लत नको. उल्का काही सेकंदांचा खेळ. निकामी उपग्रह किंवा रॉकेटचा टप्पा सावकाश, तुकडे होत, मिनिटभर किंवा जास्तही जातो.

सावळी
आले. फोनने झूम करून काढलेला "गोल चकचकीत, आत हलणारी नक्षी" हा बहुतेक वेळा फोकस चुकलेला तारा किंवा शुक्र. कॅमेऱ्याच्या भिंगातल्या, प्रकाश कमीजास्त करणाऱ्या पडद्याला पात्या कमी असल्या तर गोलाऐवजी चौकट किंवा षटकोन. तपासणी सोपी: त्याच फोनने, तेवढ्याच झूमवर दुसऱ्या ताऱ्याचा फोकस मुद्दाम बिघडवून काढा. तीच नक्षी आली तर ती भिंगाची.

लेन्स फ्लेअर: चित्राच्या मध्यबिंदूतून उलट बाजूला तेवढ्याच अंतरावर रस्त्याचा दिवा आहे का बघायचं. असेल तर संपलं.

फाइल मूळ हवी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्यात वेळ, एक्सपोजर काहीच उरत नाही. कार्डवरून थेट कॉपी, मग लगेच हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा-आकडा) काढून नोंदीत लिहायचा.

रातवा
सावळी, हॅशचं फार मोलाचं. हे आपण नेहमी उशिरा करतो.

काजवा२२
ताऱ्यांवरून आठवलं, क्षितिजाजवळचा व्याध तारा लाल-हिरवा-निळा लुकलुकतो आणि अंधारात एकटक बघितलं की हलल्यासारखाही वाटतो. तो भास डोळ्यांचा. खांब किंवा छपराची कड संदर्भाला धरून पाच मिनिटं बघायला सांगा.

दुर्बीणवाला
ऑलस्काय कॅमेरा (पारदर्शक घुमटाखालून सगळं आकाश टिपणारा) कुणी चालवतंय का? घुमटावर दव बसतं, पहाटेचं सगळं धुरकट.

कोनमापे
@दुर्बीणवाला रेझिस्टरची माळ करा. 5.6 ओहमचे आठ मालिकेत, घुमटाच्या कडेला आतून वर्तुळात. 12 व्होल्टवर साधारण 3 वॅट. एकेकावर 0.4 वॅट येतात म्हणून 1 वॅटचे घ्या, पाव वॅटचे जळतील. दव पडायच्या आधीच चालू करायचं.

समांतर
दोन ठिकाणांहून निरीक्षण हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यावर कुणीच लिहिलं नाही. दोन तुकड्या, मध्ये 5 किमी, दोघांचं घड्याळ एक, फोनवर "आता" म्हटलं की दोघांनी दिशा आणि उंची घ्यायची. दोघांचे आकडे सारखेच आले तर वस्तू खूप लांब, म्हणजे तारा, ग्रह किंवा फार दूरचं विमान. पण मर्यादा ओळखा: वस्तू 50 किमीवर आणि कोनात 1° ची चूक, तर अंतरात साधारण 9 किमीची चूक. वस्तू पायारेषेच्याच (दोन तुकड्यांना जोडणाऱ्या रेषेच्या) दिशेत असेल तर गणित मोडतं. म्हणून तिसरी तुकडी बाजूला हवी.

घटिका
+१. आणि जाळीपट्टी (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेषांची पट्टी) लावा की कॅमेऱ्याला, मिलिमीटरला 500 रेषांची. वर्णपट वस्तूच्या गतीला काटकोनात पसरेल अशी फिरवायची. सोडियमचा दिवा म्हणजे 589 नॅनोमीटरला ठसठशीत पिवळी रेघ, पांढरा एलईडी म्हणजे निळा उंचवटा आणि मग पसरट पिवळा. आकाशकंदील असेल तर लालकडे झुकलेला अखंड पट्टा. भिंग रुंद हवं, पट्टा मूळ ठिपक्यापासून 16° च्या आसपास लांब पडतो.

काजवा२२
किरणोत्सर्ग मापकाबद्दल एक विनंती: मिनिटभर वाचून "वाढलाय" म्हणू नका. मिनिटाला 20 ठोके असतील तर साडेचारची चढउतार नुसत्या योगायोगाची. दहा मिनिटं मोजा, आणि तेवढीच दहा मिनिटं पन्नास पावलं लांब. मातीचा नमुना घेतला तरी हेच, शेजारच्या साध्या जागेचा नमुना नसेल तर प्रयोगशाळेला तुलना कशाशी करायची?

रातवा
वर्गवारीचं लिहिते. फ्रान्सच्या सीएनईएस या अवकाश संस्थेतला विभाग 1977 पासून हे काम करतोय, आज नाव जीपान. त्यांचे चार खण: ए नक्की ओळखलं, बी बहुधा ओळखलं, सी माहिती अपुरी, डी तपास होऊनही न उलगडलेलं. सी आणि डी वेगळे ठेवणं हाच खरा मुद्दा. अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक या यूएफओ-तपास प्रकल्पाच्या 12,618 नोंदींपैकी 701 अनोळखी राहिल्या हा आकडा सगळे सांगतात. आपल्या गटांच्या याद्यांत "अनोळखी" म्हणून जे जमतं त्यात मोजलंच नव्हतं असं फार असतं. त्यांना सी म्हणा.

सावळी
आणि साक्षीदाराचं नाव फाइलवर नको, क्रमांक टाका. गावभर चेष्टा झाली की माणूस पुढे काहीच सांगत नाही. शुक्र होता हे सांगायचं असेल तर आधी त्यांना गच्चीवर नेऊन दाखवा, मग सांगा.

दुर्बीणवाला
@कोनमापे आभार, माळ करतो. वाऱ्यात कोनमापकाचा दोरा डोलतो त्याचं काय?

कोनमापे
नट जड घ्या. डोलणं कमी झालं की अंगठ्याने दोरा कोनमापकावर दाबून धरायचा, मग डोळ्यापासून खाली आणून टॉर्चमध्ये वाचायचं. लाल टॉर्च, नाहीतर अंधाराला सरावलेले डोळे परत वीसेक मिनिटं जातात. तीनदा घ्या, मधला आकडा लिहा.