मेडिकेअरचे ‘फुकट’ कार्ड: घरी आलेली लक्ष्मी की दाराबाहेर ठेवलेले पिंजऱ्यातले खोबरे?

रारिटन (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात ‘सोनटक्का’ यांनी लिहिले होते की त्यांच्या सासूबाईंना ॲडव्हांटेज प्लॅनकडून (मेडिकेअर हा अमेरिकेतील ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा; तोच खासगी कंपनीमार्फत घेतला की ॲडव्हांटेज) औषध-दुकानातील वस्तूंसाठी दर तिमाहीला १५० डॉलर भरलेले कार्ड मिळते, आणि हे कार्ड नाकारून सरकार स्वतः चालवते त्या मूळ मेडिकेअरला चिकटून बसणारे लोक ‘घरी आलेल्या लक्ष्मीला दारातूनच परत पाठवतात’. ते वाचून मी दोन दिवस गप्प बसलो. आता प्लॅन बदलण्याची ७ डिसेंबरची मुदत जवळ येत चालली आहे आणि त्या लेखनाखाली ‘आम्हीही घेतो’ असे म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की हे कार्ड सरकार देत नाही, कोणी फोनवर काहीही सांगो. प्लॅन आपल्या काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, सरकारने ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी बोली लावतो, त्या फरकातला काही भाग त्याला परत मिळतो आणि त्यातून दात, चष्मे आणि ही कार्डे येतात. काँग्रेसला मेडिकेअरविषयी सल्ला देणाऱ्या मेडपॅक आयोगाच्या २०२५ च्या अंदाजानुसार, तेच रुग्ण मूळ मेडिकेअरमध्ये असते तर जो खर्च आला असता, त्यापेक्षा २० टक्के, म्हणजे सुमारे ८४ अब्ज डॉलर, ॲडव्हांटेजवर अधिक खर्च होतात. तेव्हा लक्ष्मी आली ती आपल्याच कराच्या पैशातून, आणि वाटेत तिने कंपनीच्या तिजोरीत बराच मुक्काम केला.

दुसरी गोष्ट माझ्या घरची आहे. माझ्या वडिलांनी जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, मेडिगॅप (मूळ मेडिकेअरमध्ये रुग्णाच्या माथी उरणारी बिले भरणारा खासगी पूरक विमा) सोडून अशा एका प्लॅनमध्ये प्रवेश केला, आणि त्याचे निम्मे कारण हे कार्ड होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ड्राइव्हवेतल्या बर्फावर घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर रिहॅबमध्ये ते वॉकर धरून पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत कसेबसे जात होते, तेवढ्यात अकराव्या दिवशी त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी एक कागद ठेवला गेला: परवापासून प्लॅन पैसे देणार नाही, अपील करायचे असेल तर उद्या दुपारी बाराच्या आत फोन करा. वडिलांना तो कागद जेवणाचा मेन्यू वाटला आणि त्यांनी त्यावर सही केली. मी संध्याकाळी पोहोचलो म्हणून तो दिसला. आम्ही अपील केले, जिंकलो, नऊ दिवस मिळाले आणि पुन्हा तसाच कागद आला. घरी आणल्यावर मूळ मेडिकेअरकडे परतायचे ठरवले, तर मेडिगॅपच्या कंपन्यांनी प्रकृतीचे प्रश्न विचारले आणि दार लावून घेतले.

कार्डात तेव्हा ९२ डॉलर शिल्लक होते.

सोनटक्का

आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. परंतु एका वाईट प्लॅनच्या अनुभवावरून सगळ्या प्लॅनना नावे ठेवणे आणि माझ्या साध्या नोंदीला खोबरे-पिंजऱ्याची उपमा देणे मला रुचले नाही.

मूळ मेडिकेअर दातांचे पैसे देत नाही, चष्म्याचे देत नाही, श्रवणयंत्राचे देत नाही. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांच्या कार्डावर औषध-दुकानातील वस्तूंबरोबर खाद्यपदार्थांसाठीही रक्कम येते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, पायांची क्रीम, गुडघ्याचा पट्टा या वस्तू त्या पूर्वी ‘कशाला उगीच खर्च’ म्हणून मागतच नसत. आता त्या स्वतः यादी करतात. आम्ही दर महिन्याला त्या कार्डावर फळे, पालेभाज्या, ओट्स घरात आणतो आणि त्यांच्या साखरेच्या आकड्यात फरक दिसतो. शेकडो डॉलरचा मेडिगॅपचा हप्ता भरण्याची सर्वांची ऐपत असते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा आपल्या चष्म्याचाही नंबर तपासून घ्यावा.

उंबरठा

आपण दोघेही भाग्यवान आहात, कारण आपल्याकडे भांडायला निदान कार्ड तरी आहे. माझी आई ६७ व्या वर्षी ग्रीन कार्डावर आली. पाच वर्षे सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही मिळत नाही, ती पाच वर्षे आम्ही देवाचे नाव घेत काढली. त्यानंतर कळले की मुलीने २२ वर्षे भरलेल्या कराचा आईला काडीचाही उपयोग नाही. पार्ट ए, म्हणजे रुग्णालयाचा भाग, फुकट मिळायला कर भरून केलेल्या कामाच्या चाळीस तिमाह्या स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या लागतात, लेकीच्या चालत नाहीत. म्हणून २०२५ च्या दराने पार्ट ए चे ५१८ आणि पार्ट बी चे, म्हणजे डॉक्टर व बाह्यरुग्ण सेवेच्या भागाचे, १८५, असे महिन्याला ७०३ डॉलर भरावे लागले. ए आणि बी दोन्ही घेतल्याशिवाय ॲडव्हांटेज प्लॅन मिळत नाही, म्हणजे कार्डाच्या दारापर्यंत पोहोचायलाच एवढे पैसे मोजावे लागतात.

पुण्यात माझ्या मावशीला सत्तरी ओलांडताच आयुष्मान वय वंदना कार्ड मिळाले. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाचा दाखला न मागता वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. कोणता देश प्रगत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

विमापंडित

मी न्यू जर्सीत परवानाधारक एजंट आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचा दगड कोणाकडे भिरकवायचा याची सोय होईल.

उंबरठा, ते पुण्याचे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि रोजच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत, आणि ते ५ लाख घरातील सत्तरीपुढच्या सर्वांमध्ये मिळून असतात. तुलना करायची तर पूर्ण करावी.

रारिटन, आपण एक महत्त्वाची गोष्ट सांगितलीच नाही. मेडिगॅप सोडून पहिल्यांदाच ॲडव्हांटेजमध्ये गेलेल्या माणसाला बारा महिन्यांच्या आत परत फिरण्याची मुभा असते आणि तेव्हा प्रकृतीचे प्रश्न विचारता येत नाहीत. शिवाय मूळ मेडिकेअरमध्ये पार्ट बी च्या खर्चातले २० टक्के रुग्णाच्या माथी येतात आणि त्यांना वरची मर्यादाच नाही, तर ॲडव्हांटेजमध्ये प्लॅनच्या नेटवर्कमधल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या खर्चाला कुंपण असते, २०२५ साली ते ९,३५० डॉलरचे होते. ज्याला मेडिगॅप परवडत नाही त्याला आपण सरळ उघड्यावर झोपायला सांगत आहात. मेडपॅकचा आकडाही विमा कंपन्यांना मान्य नाही.

रारिटन

बारा महिन्यांची मुभा होती, हे मान्य. जानेवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४ हे तेरा महिने होतात, हेही आपण बोटांवर मोजू शकाल. कार्डाचे रंगीत पत्रक घेऊन जे गृहस्थ आमच्या दिवाणखान्यात चहा पिऊन गेले, त्यांनी त्या मुदतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. न्यू जर्सीत नव्या नोंदणीमागे एजंटला २०२५ साली ७८० डॉलरपर्यंत कमिशन घेता येत होते, ही माहितीही त्या पत्रकात नव्हती.

विमा कंपन्यांना मेडपॅकचा आकडा मान्य नाही, यात आश्चर्य ते काय? आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा २०२२ चा अहवालही त्यांना गोड लागला नसेल. ॲडव्हांटेज प्लॅननी नाकारलेल्या, उपचाराआधी घ्यायच्या पूर्वपरवानगीच्या अर्जांपैकी १३ टक्के अर्ज मेडिकेअरच्या नियमांत बसणारे होते, असे त्यात आढळले.

भातुकली

मूळ मुद्दा बाजूला राहू द्या. मला सोनटक्का यांच्या एका वाक्याने अडवले आहे. ‘आम्ही दर महिन्याला त्या कार्डावर फळे, पालेभाज्या घरात आणतो.’ आम्ही म्हणजे कोण? कार्ड सासूबाईंच्या नावाचे, मधुमेह सासूबाईंना, आणि फ्रिज सगळ्यांचा?

मी एका सीनियर सेंटरमध्ये स्वयंसेविका आहे. तिथे येणाऱ्या निम्म्या आज्यांना आपल्या कार्डात किती रक्कम आहे हे ठाऊक नसते, कारण कार्ड मुलाच्या पाकिटात आणि पिन सुनेच्या फोनमध्ये असतो. नियमाने ते कार्ड केवळ सभासदाच्या वापरासाठी असते.

सोनटक्का

आपण मला चोर म्हणत आहात का? तसे असेल तर स्पष्ट शब्दांत म्हणा.

माझ्या सासूबाईंना गाडी चालवता येत नाही. स्वयंपाकघर एक आहे. त्यांच्यासाठी आणलेल्या पालकाची भाजी केली तर ती त्यांच्या ताटात वाढून उरलेली मी टाकून द्यावी, की कढईत रेघ ओढून ‘इकडची मेडिकेअरची, तिकडची आमची’ असे करावे? अकरा वर्षे त्या आमच्याकडे आहेत. त्यांच्या डायपरपासून डोळ्यांच्या थेंबांपर्यंत जे कार्डात बसत नाही ते कोणाच्या खात्यातून जाते, हे विचारण्याची तसदी आपण घेतली नाही.

भातुकली

चोर हा शब्द आपला आहे, माझा नाही. मी फक्त विचारले की यादी कोण करते.

सोनटक्का

यादी त्या करतात, असे मी पहिल्याच प्रतिसादात लिहिले आहे. वाचण्यापूर्वी न्याय देण्याची घाई झाली की असे होते.

उंबरठा

भातुकली यांच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त पत्ता चुकला. आमच्या इमारतीत एक कुटुंब तिमाहीच्या शेवटच्या दिवशी आजोबांच्या कार्डावर टूथपेस्ट, बँडेज आणि जीवनसत्त्वांच्या बाटल्या भरून आणते, कारण उरलेले पैसे रात्री बारा वाजता विरून जातात. भारतात जाताना ती बॅग वाटण्यासाठीच असते. सातारा जिल्ह्यातल्या कोणा पुतण्याचे दात आजोबांच्या विम्यावर चमकत आहेत. आणि इथे माझी आई महिन्याला एवढे पैसे भरूनही साधी टूथपेस्ट स्वतःच्या पैशाने आणते.

विमापंडित

हा प्लॅनचा दोष नाही. घरच्यांचा आहे.

रारिटन

महिन्या-तिमाहीच्या काठावर रक्कम बुडेल अशीच रचना करायची, वर खर्च झाला नाही तर नाही झाला म्हणून हात झटकायचे, आणि शेवटी दोष घरच्यांचा. वा!

आजीबाई७४

मी इथे वाचते, लिहीत नाही, परंतु आज लिहावेसे वाटले. ज्या म्हाताऱ्यांविषयी आपण सगळे इतक्या पोटतिडकीने बोलत आहात, त्यांच्यातली मी एक आहे. माझ्याकडे ते कार्ड आहे आणि ते माझ्याच पर्समध्ये असते.

पहिल्यांदा ते घेऊन मी मोठ्या दुकानात गेले तेव्हा सामान पट्ट्यावर ठेवले: पायांच्या सुजेचे मोजे, इसबगोल, सफरचंदे, दुधी, आणि नातीसाठी एक चॉकलेट. यंत्राने एकेक वस्तू घेतली आणि चॉकलेटापाशी थांबले. काउंटरवरच्या मुलीने मोठ्या आवाजात सांगितले, ‘हे तुमच्या विम्यात बसत नाही.’ माझ्यामागे पाच माणसे होती. मी पन्नास वर्षे संसार केला, पंचवीस वर्षे शाळेत शिकवले, आणि एका चॉकलेटावरून मला परवानगी नाकारली गेली. मी पर्समधून दोन डॉलर काढून दिले. पुढच्या वेळेपासून चॉकलेट वेगळे ठेवते. आपल्या देशी वाणसामानाच्या दुकानात तर माझे कार्ड चालतच नाही. ज्वारीचे पीठ मला विम्याच्या दृष्टीने पौष्टिक नाही, कॉर्नफ्लेक्स मात्र आहेत.

तरीही मी कार्ड सोडणार नाही. सुनेकडे पैसे मागावे लागत नाहीत, याची किंमत आपल्यापैकी कोणीच लावली नाही. सून चांगली आहे, मागितले तर देईल, परंतु मागावे लागणे वेगळे.

दिवाळीनंतर मी पुण्याला जाते आणि सहा महिन्यांच्या आत परत येते, कारण सलग त्याहून जास्त काळ प्लॅनच्या हद्दीबाहेर राहिले की नाव कापतात. तिकडे आजारी पडले तर मेडिकेअर काही देत नाही हे मला ठाऊक आहे, त्याचा वेगळा विमा काढते. त्या काळातले कार्डाचे पैसे बुडतात. बुडोत.

भातुकली

काकू, आपल्या प्रतिसादानंतर माझा सूर चढला होता हे जाणवले. सोनटक्का, सासूबाई यादी करतात हे माझ्या नजरेतून सुटले. तेवढ्यापुरते मागे घेते. सीनियर सेंटरमध्ये जे पाहते ते मात्र मागे घेता येणार नाही.

सोनटक्का

‘तेवढ्यापुरते’ स्वीकारले. पालकाच्या भाजीला यायचे असेल तर या, आपल्यासाठीचा पालक मी माझ्या कार्डावर आणीन.

विमापंडित

काकू, पुढच्या वर्षाचे फायद्याचे पत्रक नीट वाचा. कमी उत्पन्नाच्या सभासदांना खाद्यपदार्थांची रक्कम ज्या प्रायोगिक योजनेखाली देता येत होती, ती सरकारने २०२५ अखेर बंद केली, त्यामुळे काही प्लॅनमध्ये ती रक्कम आता फक्त ठरावीक आजार असलेल्यांनाच मिळेल.

रारिटन

म्हणजे लक्ष्मी दरवर्षी सप्टेंबरअखेर पत्र पाठवून कळवणार की यंदा येणार की नाही.

काकू, आपले म्हणणे मला पटले असे लिहायला जड जाते, पण मागावे लागण्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. वडीलही कदाचित त्याचसाठी गेले असतील, मी कधी विचारले नाही. फक्त एक विनंती आहे: आपण मूळ मेडिकेअर सोडून किती महिने झाले ते सांगाल का? आणि ही आपली पहिलीच वेळ आहे का?

आजीबाई७४

या जानेवारीत घेतले. पहिलीच वेळ. त्याआधी मेडिगॅप होते.

रारिटन

मग आपल्याकडे डिसेंबरअखेरपर्यंत वेळ आहे. पुण्याला निघण्यापूर्वी जुन्या मेडिगॅप कंपनीला एक फोन करा, आणि परतायचे ठरले तर मुदत संपण्यापूर्वी अर्ज करा. न्यू यॉर्कमध्ये राहत असता तर घाई नव्हती, तिथे मेडिगॅप केव्हाही नाकारता येत नाही. आपण कुठल्या राज्यात आहात?

आजीबाई७४

पार्सिपनी, न्यू जर्सी. फोन सोमवारी करते. परतायचे की नाही ते मी ठरवीन.